शेजारच्या सीटचं मत

गाडी घ्यायची ठरली की लोक आधी शोरूमला जातात. मला त्याची गरज वाटली नाही. तुळजापुरात लॉज चालवणाऱ्या बाईच्या अंगणात गाड्या आपणहून येऊन उभ्या राहतात. सोलापूरच्या, लातूरच्या, बीदर-कलबुर्गीकडच्या. कुणाच्या बॉनेटवर ताजं हळदीकुंकू, कुणाच्या आरशाला झेंडूचा हार, कुणाच्या मागच्या काचेवर पोरांची नावं. दर्शन करून आलेला माणूस चहाचा कप घेऊन खोलीत जात नाही, आपल्या गाडीजवळ जाऊन उभा राहतो. त्याला गाडीविषयी एक प्रश्न विचारला की दुसरा विचारावा लागत नाही, मधे थांबवावं मात्र लागतं.

आम्हाला गाडी छोटी हवी होती आणि स्वस्तातली. नवरा मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून इतका शहाणा झाला होता, की जेवताना पोळीपेक्षा इंजिनाबद्दल जास्त बोलायचा. मी म्हटलं, कॅमेऱ्यासमोर हातवारे करणाऱ्या त्या पोरांचं मला सांगू नका. ज्यांनी स्वतः गाडी घेतलीय, रोज चालवतात, खड्ड्यात घालतात, त्यांना विचारू. एवढं अंगण भरलेलं असताना मोबाइलमध्ये काय डोकं घालायचं?

गाडी आमच्या दोघांसाठी नव्हतीच. ती दादांसाठी होती, आणि हे दादांना सांगायची सोय नव्हती.

दादा म्हणजे माझे वडील. उभा जन्म त्यांनी एसटी चालवली. आई गेल्यावर ते माझ्याकडं राहायला आले आणि पत्र्याच्या शेडखाली खुर्ची टाकून लॉजचं अंगण सांभाळायला लागले. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून ते मत द्यायचे, पण गाडीविषयी नाही, चालवणाऱ्याविषयी. "ह्यो क्लच खातोय." "ह्याला कुणी लायसन दिलं?" मी बाहेर निघाले की विचारायचे, "डबल बेल झाली का?" एसटीत कंडक्टरनं दोनदा घंटा वाजवली की ड्रायव्हरनं गाडी काढायची. दादांनी कधीही त्या दोन घंटांवाचून चाक हलवलं नाही आणि याचा त्यांना अभिमान होता.

मग त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण पाय पुरता वाकायचा राहिला. काठी घेऊन ते चालतात, दोन पायऱ्याही चढतात. अडतं ते गाडीत बसताना. एका लग्नाला जायचं होतं आणि आमच्या पुतण्याची गाडी आली, खाली बसकी, दिसायला झकपक. दादांना आत जाता येईना. दोघा पोरांनी प्रेमानंच त्यांना काखेत धरलं, एकानं डोक्यावर हात ठेवून मान खाली दाबली, दुसऱ्यानं पाय उचलून आत ठेवला. लग्नाला निघालेले पाहुणे बघत होते. घरी आल्यावर दादा मला म्हणाले, "पोत्यावानी घातलं मला. आता म्या कुठं येणार न्हाय."

आणि ते खरंच कुठं गेले नाहीत. अंगणाच्या फाटकापर्यंत यायचे, तिथून परत फिरायचे.

त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, अणदूरला राहते. त्या दोघांची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं दादांना तिनंच वाढवलं. तीही आता म्हातारी झालीय, पाय तिचेही गेलेत. दोघं बहीणभाऊ फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात की लॉजच्या वरच्या खोल्यांतले भाविक खाली डोकावतात. आमच्या अणदूरचा खंडोबा हिवाळ्यात नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि मुक्काम संपला की अणदूरला परत येतो. गेल्या खेपेला देव निघाला तेव्हा आत्यानं फोन केला. दादा ऐकत राहिले आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, "देव जातोय, येतोय. मी हाय हितंच." त्या दिवशी मला भीती वाटली. स्पष्टच सांगते, ही दोघं आता एकमेकांना न बघताच जातील, अशी भीती वाटली. गाडी घ्यायची मी त्या दिवशी ठरवली.

तर मी विचारायला सुरुवात केली. मंगळवारी आणि शुक्रवारी अंगण भरतं, म्हणून त्या दिवशी जास्त. आणि काय सांगू, स्वर्ग उतरला होता अंगणात. प्रत्येक गाडी गुणाची. जी सगळ्यांच्या दारात असते ती पांढरी गाडी तर पाण्यावर चालते की काय असं वाटावं, असं तिचं ॲव्हरेज. तिच्यापेक्षा थोडी देखणी, मागून उतरत्या छपराची एक असते, तिचे मालक तर तिच्याविषयी नव्या सुनेविषयी बोलावं तसं बोलायचे. उंच डब्यासारखी एक असते, तिला कुणी फार नटवत नाही, पण तिचाही मालक म्हणाला, "एकदम ओके." ढोकीच्या एका ऊसवाल्यानं देखण्या गाडीची इतकी तारीफ केली की चहा गार झाला. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यावरही ती कशी तरंगत जाते, हे त्यानं हात हलवून दाखवलं. नवऱ्याचं मन त्या देखणीवर बसलं. माझंही बसायला लागलं होतं.

दोनेक महिन्यांनी तोच ढोकीवाला पुन्हा आला, आईला दर्शनाला घेऊन. तीच गाडी. मी म्हटलं, "काय, तरंगतेय ना?"

त्यानं तोंड वाकडं केलं. "कशाची तरंगतेय, ताई. खालून घासती. सगळ्या ढेकळांचा हिशोब पाठीला कळतोय."

"अहो, तुम्हीच तर सांगितलं होतं."

"त्या दिवशी पूजेची गाडी व्हती," तो शांतपणे म्हणाला. "चाकाखाली लिंबू, गळ्यात हार. देवीच्या दारात आणलेल्या गाडीला नाव ठेवावं का? त्या दिवशी चांगलंच बोलायचं असतंय."

मी कपाळावर हात मारला. मंगळवार, शुक्रवार! नवी गाडी घेतली की आमच्या भागातला माणूस आधी तिला देवीच्या दारात आणतो, आणि मी नेमक्या त्या दिवशी, नेमक्या त्या माणसांना मतं विचारत होते. इतकी वर्षं लॉज चालवून मला एवढं कळू नये? पूजेच्या दिवशी गाडीविषयी कुणी वाईट बोलत नाही, बारशाच्या दिवशी पोराविषयी बोलत नाहीत तसं. माझी सगळी मेहनत देवीच्या प्रसादात जमा झाली. दादा खुर्चीतून हे सगळं ऐकत होते. त्यांच्या मिशा हलल्या. ते हसत होते हे मला कळलं, आणि रागही आला.

नंतर मी नियम केला, हार दिसला की विचारायचं नाही. ज्या गाडीचा पत्रा कुठंतरी चेपलेला आहे, सीटकव्हर विटलंय, त्याच मालकाकडं जायचं. आता खरी मतं बाहेर पडायला लागली. पांढरीचं ॲव्हरेज चांगलं, पण घाटात चार माणसं बसली की एसी बंद करावा लागतो. देखणीचा पार्ट महाग आणि लवकर मिळत नाही. गॅसवाली घेतली की डिकीत टाकीच असते, पिशव्या मांडीवर. उंच डब्याला हायवेवर बाजूनं ट्रक गेला की वारा लागतो, आणि "ताई, ती दिसायला कशीतरीच आहे," असं तिच्या मालकांनीच सांगितलं. प्रत्येक जण आपापल्या दुःखाविषयी मनापासून बोलायचा. नवरा ऐकून गोंधळला आणि पुन्हा व्हिडिओकडं वळला. त्यानं देखणी बुक करायचं जवळजवळ नक्कीच केलं होतं. म्हणाला, दोष सगळ्यांतच आहेत, मग निदान दिसायला तरी बरी घेऊ.

त्याच सुमाराला कलबुर्गीकडचं एक जोडपं आलं. किराणा मालाचे व्यापारी, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. गाडी त्यांची तोच उंच डबा, रंग उडालेला. बाई साठीच्या पुढच्या, जाड, हातात काठी. मी नेहमीप्रमाणं त्यांच्या यजमानांना विचारलं आणि ते ॲव्हरेज सांगायला लागले. बाई मधेच म्हणाल्या, "ह्यांना काय विचारता वो, ताई. हे चाकामागं बसतात. मी हिकडं बसते. मला विचारा की."

मी इतक्या मालकांना विचारलं, आणि त्यातले झाडून सगळे गाडी चालवणारे होते. आणि माझे दादा चालवणार नव्हते, बसणार होते.

मी त्यांना आत नेलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. लग्न, पुतण्या, पोतं, अणदूर, आत्या. त्यांनी मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही, हे मला फार आवडलं. त्यांनी फक्त विचारलं, "पाय कुठला?" मी म्हटलं उजवा. मग त्या मला गाडीपाशी घेऊन गेल्या आणि दाखवलं. डाव्या बाजूचं पुढचं दार पूर्ण उघडलं. आत तोंड करून पाय टाकायचाच नाही. गाडीकडं पाठ करायची, खुर्चीवर बसावं तसं सीटवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. "आधी पाठ, मग पाय," त्या म्हणाल्या. "सीट उंच हाय म्हणून जमतंय. त्या सुंदर गाड्यांत खाली पडल्यावानी बसावं लागतंय. मग उठवायला दोन माणसं."

मी म्हटलं, "पण ते येणार नाहीत बसून बघायला. शोरूममध्ये तर नाहीच. चार माणसं बघत असताना तर नाहीच नाही."

बाईंनी शेडखालच्या खुर्चीकडं एकदा बघितलं आणि गाडीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं निघायच्या तयारीत होते. यजमानांनी गाडी अंगणात एक फेरी मारून शेडसमोर उभी केली. बाई काठी टेकत दादांपाशी गेल्या. "अण्णा, तुम्ही मोठे ड्रायव्हर, असं ऐकलं. आमच्या गाडीत कसलातरी आवाज येतोय. मेकॅनिकला सापडंना. जरा ऐकता का?"

दादा ताठ झाले. "चालवा," ते म्हणाले. यजमानांनी गाडी पुढं-मागं केली. दादांनी मान तिरकी करून ऐकलं. "बाहेरून न्हाय येत."

"आतच येतोय वो," बाई म्हणाल्या. "बर्री, कुंद्री." या, बसा. आणि पुढचं दार उघडून त्या बाजूला झाल्या. हात पुढं केला नाही, काठी धरली नाही, उलट तोंड फिरवून मला लॉजच्या बिलाविषयी काहीतरी विचारायला लागल्या. मीही तोंड फिरवलं. नवरा पुढं धावणार होता; त्याच्या शर्टाला मागून धरून मी त्याला जागच्या जागी ठेवलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं. दादांनी दाराकडं बघितलं. आदल्या दिवशी बाई मला दाखवत होत्या, तेव्हा ते खुर्चीतच होते, त्यांनी सगळं बघितलं होतं. त्यांनी पाठ केली. एक हात दाराला, एक काठीवर. टेकले. मग पाय, आधी तो अवघडलेला उजवा, हातानं जरा उचलून, मग डावा, आत. दार त्यांनीच ओढून घेतलं.

गाडी फाटकाबाहेर गेली. त्या फाटकातून दादा लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर पडले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पदरानं पुसलं, कुणी बघो न बघो.

पाच-दहा मिनिटांनी ते परत आले. दादा उतरले, पाय आधी बाहेर, मग काठी, मग सावकाश उभे. "आवाज गाडीचा न्हाय," त्यांनी जाहीर केलं. "मागं काय ठिवलंय?"

यजमानांनी डिकी उघडली. पितळेची परात, तांब्या आणि नैवेद्याची भांडी एकावर एक रचलेली होती, मधे फडकंसुद्धा नव्हतं. "हेच," दादा म्हणाले. बाई म्हणाल्या, "अय्यो," आणि अशा काही चकित झाल्या की मलाही क्षणभर खरं वाटलं. निघताना मात्र खिडकीची काच खाली करून हळूच म्हणाल्या, "परात मीच ठिवली होती, ताई." आणि त्यांनी हात हलवला.

संध्याकाळी दादांना चहा दिला तेव्हा ते म्हणाले, "बाईनं फसवलं मला."

मी बशी पुढं सरकवली.

"परातीचा आवाज कुणाला कळत न्हाय, व्हय?" त्यांनी बशीत चहा ओतला. दोन घोट घेतले. "गाडी बरी हाय पण."

त्यानंतर मी मतं विचारायची माणसंच बदलली. चालवणाऱ्याला राम राम करायचा आणि शेजारच्या सीटकडं जायचं. बायका, म्हाताऱ्या, पोटुशा मुली. गाड्या त्याच, पण ऐकू येणाऱ्या गोष्टी वेगळ्या. पांढरीत गुडघे पुढं टेकतात. देखणीच्या मागच्या सीटवर उंच माणसाची मान वाकते आणि खिडकी एवढीशी, की मळमळायला लागतं. उंच डब्यात बाहेरचं सगळं दिसतं. वारा लागतो हे खरं, पण एक आजीबाई म्हणाल्या, "वारा लागला तर लागू दे की, बसून आलोय ना." यजमान लोक हे ऐकून चकित व्हायचे. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला गाडीविषयी काय वाटतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एक-दोघांच्या घरात माझ्यामुळं भांडणंही लागली असतील. त्याला माझा इलाज नाही.

नवऱ्यानं देखणीसाठी एक दिवस तोंड पाडलं आणि मग आम्ही उंच डबा घेतला. रंग मी निवडला, निदान तेवढं तरी. गाडी चालवायला मीच शिकले, कारण दादांचं मत होतं की नवरा क्लच खातो. देवीच्या दारात गाडी नेली, चाकाखाली लिंबू ठेवलं, हार घातला. पूजा सांगणाऱ्यांनी विचारलं, "गाडी कशी आहे?" मी म्हटलं, "उत्तम." दुसरं काय म्हणणार, पूजेचा दिवस होता.

यंदा देव नळदुर्गचा मुक्काम संपवून अणदूरला परत आल्याचा आत्याचा फोन आला, तेव्हा दादांनी मला विचारलं, "रविवारी लॉजला गर्दी हाय का?" मी म्हटलं नाही. खरं तर खोल्या भरलेल्या होत्या. रविवारी त्यांनी पांढरं धोतर नेसलं, टोपी घातली, अंगणात आले आणि कुणाकडं न बघता पाठ करून बसले. रस्ताभर त्यांनी मला दोनदाच टोकलं, एकदा गिअरवरून आणि एकदा उसाच्या ट्रॅक्टरला साईड दिली नाही म्हणून. नळदुर्ग मागं पडल्यावर ते बोलायचे थांबले आणि रानं बघत बसले.

आत्या ओट्यावर बसली होती. गाडी थांबली तरी तिला वाटलं, कुणीतरी दादांना धरून उतरवेल, म्हणून ती नुसती बघत राहिली. दादा उतरले, पाय, काठी, आणि उभे. तिच्यापर्यंत चालत गेले. तिनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. फोनवर एवढं ओरडणारी माणसं, समोर आल्यावर आवाजच निघेना.

शेवटी आत्या म्हणाली, "देवाला जाऊन आला का रं?"

"तुला घेतल्याबिगर?"

"मला कुठं जमतंय. हितून ढोल ऐकू येतोय, तेवढंच माझं दर्शन."

देऊळ गावातच, पण म्हातारीच्या पायांना ते गावच लांबचं झालं होतं. दादा गाडीकडं वळले. "चल," म्हणाले. "आक्का, हिकडं ये. गाडीकडं पाठ कर. आत तोंड करून घुसायचं न्हाय. आधी पाठ, मग पाय." त्यांनी हात पुढं केला नाही. मला डोळ्यांनी दटावलं, म्हणून मीही केला नाही. आत्यानं पाठ केली, टेकली, आणि लुगडं सावरत दोन्ही पाय आत घेतले. बसल्यावर तिनं आश्चर्यानं आपल्याच पायांकडं बघितलं.

शेजारचा एक जण गाडीभोवती फिरून बघत होता. त्यानं दादांना विचारलं, "ॲव्हरेज काय देती, मामा?"

"ते चालवणारीला इचार," दादा म्हणाले. "मी बसणारा हाय. बसायला लई झकास."

पुढची सीट बहिणीला दिल्यामुळं ते मागं बसले, तसेच, पाठ आधी. मी गाडी चालू केली, आरशात बघितलं आणि थांबले. दादांनी काठी उचलली आणि माझ्या सीटच्या पाठीवर सावकाश दोन ठोके दिले.

आत्या दचकली. "काय झालं रं?"

"काय न्हाय, आक्का," दादा म्हणाले. "निघालो आपण."